कोर्लईचा डोंगर

कोर्लईचा डोंगर मी आधी पाहिला तो पलीकडून, रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून. मे महिन्यात मामाकडे गेलो की आम्ही भावंडं संध्याकाळभर पुळणीत असायचो. कुंडलिकेच्या मुखापलीकडे तो लांबट, काळपट डोंगर थेट समुद्रात घुसलेला दिसे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. त्या वयात खडकावर फुटणारी लाट आणि उडणारा फेस एवढंच पुरे होतं.

कॉलेजात इतिहासाचं वेड लागलं आणि त्याच डोंगरावरची तटबंदी मला दिसू लागली. दीपगृहाच्या मागच्या पायऱ्यांनी वर गेलं की कळतं, किल्ला रुंद नाहीच. डोंगराची धार जेवढी, तेवढाच तो. आडव्या भिंती घालून त्याचे भाग पाडलेत, प्रत्येकाला आपला दरवाजा. एक भाग पडला तरी पुढचा लढवता यावा, ही त्यामागची अक्कल. खाडीचं तोंड ज्याच्या हाती, चौल बंदराचा व्यापार त्याच्या हाती. म्हणून तर निजामशाहीने इथे किल्ला उभारायला घेतला, १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती आणि गंजलेल्या तोफा अजून तिथेच आहेत.

पुढे गळ्यात दुर्बीण आली आणि मी तटाऐवजी पायथ्याचे खडक पाहू लागलो. थंडीत दूरदेशीचे कुरव खाडीच्या मुखाशी उतरतात. एकदा ओहोटीला एक करडा समुद्र बगळा अगदी जवळून पाहिला. लाट आली की दोन पावलं मागे सरायचा, ओसरली की पुन्हा त्याच कपारीशी. मान आखडून तो कितीतरी वेळ थांबला आणि झटक्यात चोच मारून मासा उचलला. त्याच खडकांवर गावातल्या बायका वाकून कालवं फोडत होत्या. बगळा त्यांना बिचकत नव्हता, त्याही त्याला हाकलत नव्हत्या.

आता जातो तेव्हा गडावर कमी आणि खालच्या गावात जास्त रेंगाळतो. इथली ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीज आणि मराठीच्या संगतीतून घडलेली आपली बोली घरात बोलतात, तिला नोलिंग म्हणतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. जिच्या पाठीशी ना राज्य, ना फौज, ती बोली मात्र आयांनी मुलांशी बोलून टिकवली. ज्या तटासाठी एवढं रक्त सांडलं, त्याच्या फटींत आज झाडं उगवलीत.

इतक्या वर्षांत या डोंगराने मला एक गोष्ट पक्की पटवली: जागा जिंकणाऱ्यांची नसते, तिथे राहणाऱ्यांची असते. कोर्लईला जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा. पण फोटो काढून लगेच गाडीत बसू नका. ओहोटीची वेळ विचारून जा, खडकांवर कचरा टाकू नका आणि गावासाठी वेगळा वेळ काढा.