प्रेक्षक की वस्ताद?

शस्त्रक्रियेच्या खोलीला आपण सर्रास ‘थिएटर’ म्हणतो. एके काळी तो शब्द अक्षरशः खरा होता. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाचे १८२२ सालचे असे एक थिएटर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. मध्ये लाकडी मेज आणि भोवती अर्धवर्तुळात चढत गेलेल्या पायऱ्या. त्यांवर दाटीवाटीने उभे राहून विद्यार्थी खालची शस्त्रक्रिया पाहत. आम्हां कोल्हापूरकरांना ही रचना परकी वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले, १९१२ साली पुरे झालेले खासबाग मैदान असेच आहे. मध्ये तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढती बैठक. कोठेही बसा, कुस्ती दिसतेच.

जंतूंचे ज्ञान झाले आणि थिएटरातील प्रेक्षकांची गर्दी ओसरली. २०१३ साली ती निराळ्या वाटेने, चष्म्यातून, परतली. ‘गूगल ग्लास’मध्ये उजव्या डोळ्याच्या किंचित वर एक इवलासा लोलक व शेजारी कॅमेरा असे. निर्जंतुक हात न लावता, तोंडी आज्ञेने वा मानेच्या हालचालीने तो चालविता येई. शल्यविशारदाला जे दिसते, ते दूरच्या माणसालाही दिसे. जून २०१३ मध्ये अमेरिकेत राफाएल ग्रॉसमन यांनी आणि त्याच वर्षी चेन्नईत डॉ. जे. एस. राजकुमार यांनी तो शस्त्रक्रियेत वापरला. पुढच्या वर्षी लंडनच्या शफी अहमद यांची शस्त्रक्रिया ११५ देशांतील सुमारे १३,००० विद्यार्थ्यांनी पाहिली.

या गाजलेल्या प्रयोगांत चष्मा जाणत्याच्या डोळ्यांवर होता, आणि शिकणारे दूर बसून पाहत होते. शिक्षण म्हणून त्याचे मोल आहेच. आमच्या मुलखाची गरज मात्र नेमकी उलटी आहे. चंदगड, गगनबावडा, घाटाखालचा सिंधुदुर्ग येथून रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआरची वाट धरतात, आणि मोलाचा वेळ घाटरस्त्यावर जातो. येथे चष्मा हवा तो तालुक्याच्या गावी रात्री एकट्याने सुरी हाती घेणाऱ्या तरुण डॉक्टरच्या डोळ्यांवर. जाणत्याने शहरात बसून त्याच्या नजरेने पाहावे व वेळीच सांगावे.

घरातील एका वडीलधाऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही येथल्याच एका रुग्णालयात बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी चंदगडकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. यंत्रे कोणती, खर्च किती, यातले त्यांनी काही विचारले नाही. येणाऱ्याजाणाऱ्या परिचारिकेला ते एवढेच विचारीत, “मोठं डॉक्टर आत हाईत न्हवं?” चष्म्याचे सारे प्रयोजन आम्हांला या प्रश्नात दिसते.

खासबागेत पाहणारे दोन प्रकारचे असतात. हजारो प्रेक्षक असतात, आणि हौद्याच्या कडेला एखादा वस्ताद असतो. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. वस्तादाला पठ्ठ्याच्या हारजितीचे उत्तर द्यावे लागते. तरीही पकड पठ्ठ्यालाच करावी लागते. चष्म्याचेही तसेच आहे. ऊती घट्ट आहे की भुसभुशीत, हे दूरच्याला बोटांनी कळत नाही. शस्त्रक्रियेत माणूस पुष्कळदा मान न हलविता नुसती बुबुळे खाली वळवितो, तेव्हा कॅमेरा भलतीकडेच पाहत राहतो. वरच्या प्रखर दिव्याने चित्र पांढरे पडते, बॅटरी उतरते, नेटवर्क तुटते. त्या क्षणी उरतो तो एकटा डॉक्टर, आणि त्याची तयारी. शिवाय यंत्रे टिकतातच असे नाही. गूगलने तो चष्मा २०२३ साली विकणे थांबविले. मायक्रोसॉफ्टने ‘होलोलेन्स’चे उत्पादन २०२४ साली बंद केले. म्हणून रुग्णालयांनी चष्म्याआधी वस्ताद नेमावेत: कोणत्या रात्री कोण जागा राहील आणि त्याच्या सल्ल्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून ठरवावे.

यात सर्वांत कमी बोलतो तो रुग्ण, कारण तो भुलीखाली असतो. संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घेताना कोण पाहणार, कशासाठी पाहणार आणि चित्रण कोठे राहणार, हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. वस्तादाला बहुतेक रुग्ण आनंदाने होकार देतील. प्रेक्षकांसाठी मात्र वेगळे विचारावे, आणि नकार आला तर उपचारात तसूभरही फरक पडू नये.