दहा मीटरांवरचा निवांतपणा

पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. दवाखान्याला सुट्टी असली, की कधीकधी मी तेथील शूटिंग रेंजवर एकटाच दिवस घालवतो. स्पर्धा नसते, घाई नसते. छर्‍यांच्या बारीक आवाजाची तेवढी सोबत.

एअर पिस्तुलाचे लक्ष्य दहा मीटरांवर असते. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. सुमारे किलोभर वजनाचे पिस्तूल एकाच हाताने पेलायचे. हात थोडा हलतोच. श्वासासरशी खांदा वरखाली होतो, नाडीचा ठोका मनगटापर्यंत जाणवतो. म्हणून थोडा श्वास सोडून क्षणभर थांबायचे आणि चाप हळुवार दाबायचा. नजर लक्ष्यावर नव्हे, पिस्तुलाच्या टोकावरील फ्रंट साइटवर ठेवायची; लक्ष्य अंधूक दिसले तरी चालते.

ठोके संथ करून कंप कमी करणारी ‘बीटा ब्लॉकर’ औषधे या खेळात निषिद्ध आहेत. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन पदके प्रोप्रानोलॉलमुळे काढून घेतली गेली. अनेक रुग्णांसाठी हेच औषध आवश्यक असते आणि त्यांनी ते मनाने कधीही थांबवू नये. नेमबाजाला मात्र आपले शरीर सरावानेच शांत करावे लागते.

या सरावातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे हात खाली आणणे. सात-आठ सेकंदांत नेम जुळला नाही, तर श्वास ताणून धरू नये; कंप वाढतो, नजर थकते. पिस्तूल खाली घ्यावे, दोन श्वास घ्यावेत, पुन्हा सुरुवात करावी. समोर रुग्ण बसलेला असताना मला अशी सवलत क्वचितच मिळते. येथे न झाडलेला छर्राही नेमबाजीचाच भाग असतो. दिवसभरात असे अनेकदा थांबले, की मानेतील ताठरपणा आपोआप ओसरतो.

मुलांना रेंजवर नेणार्‍या पालकांनी एक पथ्य अवश्य पाळावे. छर्रे बहुधा शिशाचे असतात आणि शिसे वाढत्या मेंदूला घातक असते. म्हणून डब्याला हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत आणि छर्रे कधीही तोंडात धरू नयेत.