शंभर गुंठे गवत आणि पंधरा अंश

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत बिटाची मळी भरतात! खरंच भरतात. साखर काढून उरलेली, साखर-बिटाची दाट मळी. पाण्यापेक्षा जड, आणि पेनसिल्वेनियाच्या कडाक्याच्या थंडीतही न गोठणारी. ती टायरात गेली की सगळं वजन जमिनीलगत बसतं, आणि मग चढावर चाक जमीन सोडत नाही. सातारा जिल्ह्यात साखर कारखान्याच्या मळीचा वास घेत मी लहानाची मोठी झाले. पिट्सबर्गजवळच्या एका दुकानाच्या वर्कशॉपमध्ये हे ऐकलं आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेनासं झालं. गवत कापायच्या यंत्रामागे एवढी मोठी दुनिया आहे, आणि इतकी वर्षं अमेरिकेत राहून मला तिचा पत्ताच नव्हता!

आम्ही शहराच्या पूर्वेला घर घेतलं त्याला जागा अडीच एकर, म्हणजे आपले सरळ शंभर गुंठे. आणि पिट्सबर्गच्या आसपास सपाट जागा म्हणजे भाग्यच म्हणायचं. हे गावच टेकड्यांवर आणि नद्यांच्या काठाकाठानं वसलेलं. बीचव्ह्यू भागातली कँटन अ‍ॅव्हेन्यू ही अख्ख्या देशातल्या सर्वांत चढाच्या रस्त्यांपैकी एक मानली जाते. 37 टक्के चढ! आमची जागा तितकी उभी नाही, पण घराच्या मागून जमीन जी उतरायला लागते ती थेट ओढ्यापर्यंत. एवढं गवत ढकलायच्या मोअरनं कापणं शक्य नव्हतं, बसून चालवायचाच हवा होता. इथल्या मराठी मंडळातल्या ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एका सुरात सांगितलं, झीरो-टर्न घ्या, निम्म्या वेळात काम होतं. कुणी हॉर्सपॉवर सांगितली, कुणी डेकची, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाची, रुंदी, कुणी कुठल्या महिन्यात सूट मिळते ते.

खरा प्रश्न विचारला तो शेजारच्या आजोबांनी. त्यांचं आयुष्य दुधाच्या धंद्यात, गोठ्यात आणि ट्रॅक्टरवर गेलेलं. ते कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "उतार किती अंशांचा आहे?" मी गप्प. ते घरात गेले आणि चार फुटांची सरळ लाकडी फळी घेऊन आले. फळी गवतावर उताराच्या दिशेनं ठेवायची, तिच्यावर फोन ठेवायचा, फोनमधलं पातळी मोजायचं अ‍ॅप उघडायचं. बस! आकडा समोर. नुसता फोन गवतावर ठेवला तर एखाद्या ढेकळावर तो कलतो. फळी चार फुटांची सरासरी देते.

त्या दुपारी आम्ही सगळं आवार मोजून काढलं. घरापुढे 4, बाजूला 8 ते 9, मागचा लांब उतार 11 ते 12, मधे एक फुगीर भाग 14, आणि ओढ्यालगतची पट्टी 18. कागदावर आवाराचं चित्र काढून त्यात मी आकडे लिहिले. रोज खिडकीतून दिसणारी जमीन मला त्या कागदावर पहिल्यांदा समजली. डोळ्यांना फसवणारी गोष्ट आहे ही. 15 अंश ऐकायला किती किरकोळ वाटतात! पण 15 अंश म्हणजे जवळजवळ 27 टक्के. दहा फूट पुढे जाईपर्यंत जमीन दोन फूट आठ इंच वर आलेली असते. आणि ती कँटन अ‍ॅव्हेन्यू, जिच्यावर सायकलवाले धापा टाकतात, ती अंशांत मोजली तर वीसच्या जरा वर.

हे 15 अंश मी उगाच घेतले नाहीत. बसून चालवायच्या बहुतेक मोअरच्या माहितीपुस्तकात हीच मर्यादा असते. काही कंपन्या झीरो-टर्नसाठी तर 10 अंशांवरच थांबा म्हणतात. ही पुस्तकं यंत्र विकत न घेता फुकट वाचायला मिळतात आणि मी ती कादंबऱ्यांसारखी वाचली. कित्येकांत एक पान फक्त उतार मोजण्यासाठी असतं: रेषेवर घडी घालायची, पान डोळ्यांसमोर धरायचं, लांबच्या झाडाच्या खोडाशी किंवा घराच्या कोपऱ्याशी त्याची उभी कड जुळवायची आणि घडी उताराशी ताडून बघायची. आणि एक सूचना तर मला फार आवडली. ज्या चढावर यंत्र रिव्हर्समध्ये चढवता येत नाही, त्या चढावर ते न्यायचंच नाही. किती सोपी आणि किती पक्की कसोटी!

आता झीरो-टर्नचं सांगते, कारण सगळं कोडं तिथेच उलगडलं. हे यंत्र कॅन्ससमधल्या जॉन रेगिअर यांनी 1963 च्या सुमाराला बनवलं आणि ते खरोखर अफाट डोक्याचं काम आहे. स्टिअरिंगचं चाकच नाही. दोन दांडे, प्रत्येक दांडा मागच्या एकेका चाकाचा मालक. डावं चाक पुढे आणि उजवं मागे फिरवलं की यंत्र जागच्या जागी गर्रकन वळतं. पुढची दोन चाकं नुसती टेकू. ती मोकळी, जिकडे ढकलाल तिकडे फिरणारी. सपाट जागेवर, झाडांच्या आळ्यांभोवती, याला तोड नाही. पण नीट विचार करा: चालवणं, वळवणं आणि थांबवणं, तिन्ही कामं त्या मागच्या दोन चाकांकडे. ओल्या उतारावर ती दोन चाकं घसरली की तिन्ही गोष्टी एकदम हातातून जातात! पुढची चाकं तर उताराचंच ऐकणार. हे समजलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि गॅस बंद करून नवऱ्याला शोधत निघाले, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

ट्रॅक्टरच्या धाटणीच्या मोअरमध्ये पुढची चाकं स्टिअरिंगला बांधलेली असतात. मागची घसरली तरी पुढची दिशा धरून ठेवायचा प्रयत्न करतात. ही धाटणीही त्याच काळातली. जॉन डिअरनं विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून आपला पहिला लॉन ट्रॅक्टर, मॉडेल 110, 1963 साली काढला. मात्र इथे दुसरी एक मेख आहे. मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरेन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून ते हवंच. पण एक चाक खड्ड्यावरून हलकं झालं की सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकाकडे वाहून जाते आणि घट्ट टेकलेलं चाक स्वस्थ उभं राहतं. यावर उपाय डिफरेन्शियल लॉक: पायाखाली एक पेडल, ते दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि एकाच वेगानं फिरतात. ऑटोमॅटिक हवा की गिअर, सीट किती मऊ, कप ठेवायला जागा आहे का, हे सगळं दुय्यम. उतारासाठी यंत्र घेताना मी सर्वांत आधी हे पेडल शोधीन.

ट्रायलसाठी दुकानदारानं ट्रॉलीवर घालून एक ट्रॅक्टर घरी आणला. जॉन डिअरच्या एक्स 500 मालिकेतला, 48 इंची डेक. (60 इंची डेक झपाट्यानं कापतं खरं, पण आमच्यासारख्या लाटालाटांच्या जमिनीवर ते उंचवटे सोलून काढतं.) पातं बंद ठेवून मी मागच्या उतारावर गेले, तळाशी वळले आणि सरळ वर निघाले. 14 अंशांच्या त्या फुगीर भागावर उजवं चाक एका खोलगटात आलं आणि फिरायला लागलं. टायरखालचं गवत चुरगळल्याचा हिरवा वास आला, ट्रॅक्टर तसूभर पुढे सरकेना. मी लॉकच्या पेडलवर पाय दिला. खट्! डावं चाक जागं झालं, सीटखालून एक दमदार रेटा आला आणि आम्ही वर! मी ओरडलेच. आजोबा कुंपणापलीकडून टाळ्या वाजवत होते. लगेच त्यांनी ओरडून सांगितलं, वळताना पेडल सोड, नाहीतर टायर लॉन उखडतील.

दुकानदार मोठा जाणकार होता. त्यानं इंजिनातलं ऑइल पंपानं फिरतं की नुसतं उडवलं जातं, हे विचारायला शिकवलं, कारण उतारावर ऑइल एका बाजूला जमा होतं. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन हलक्या कामाचं असेल तर सततच्या चढावर त्यातलं ऑइल तापून पातळ होतं आणि शेवटच्या चढाला यंत्र रेंगाळतं, हेही त्यानंच समजावलं. बाहेरून दोन ट्रॅक्टर जुळे दिसतात. फरक सगळा पोटात.

मी व्हिडिओ कॉलवर बाबांना चालवून दाखवलं, तर त्यांचा पहिला सवाल, "उभी का चालवतेस? उताराला आडवं चालवायचं असतं!" बाबांनी 72 च्या दुष्काळात बांधबंदिस्तीची कामं पाहिलेली, आडवी नांगरट, आडवी पेरणी, पाणी अडलं पाहिजे, माती थांबली पाहिजे. त्यांचं शंभर टक्के खरं. पण इथे माती उकरायचीच नाही, मुळं जागेवर राहतात. बसून चालवायचं यंत्र आडवं नेलं तर कुशीवर उलटण्याचा धोका, म्हणून ते सरळ वर, सरळ खाली. आणि ढकलायचा मोअर मात्र बाबांच्याच नियमानं, आडवा! कारण तिथे माणूस पायी असतो, आणि पाय घसरला तर तो पात्याखाली जाता कामा नये. एकाच उतारावर दोन यंत्रांचे दोन उलटे नियम, आणि दोन्ही बरोबर. बाबा बराच वेळ यावर विचार करत होते, मग म्हणाले, "आणि पावसानंतर?" पावसानंतर वापसा येईपर्यंत यंत्र शेडमध्येच. ते त्यांना एकदम पटलं.

एक गोष्ट इथे कळकळीनं सांगते. अमेरिकेत हौसेनं मांडीवर पोर बसवून मोअर चालवतात. सपाटावरही नको. उतारावर तर मुळीच नको.

यंत्रांची दुनिया याहून मोठी आहे. ओहायोतल्या ऑरविल गावात तयार होणारा व्हेन्ट्रॅक कंबरेत वाकतो, चारही चाकांनी ओढतो आणि जोडचाकं लावली की 30 अंशांपर्यंत काम करतो! त्याची किंमत आमच्या गाडीच्या वर जाते. मी तो फक्त डोळे भरून पाहिला. स्वीडनची हुस्कवर्ना, जी 1689 मध्ये बंदुकांच्या कारखान्यातून सुरू झाली, ती डेक पुढे असलेले आणि मधे वाकणारे रायडर बनवते. शिवाय तिचा ऑल-व्हील-ड्राइव्ह रोबो 435 एक्स माणसाशिवाय 70 टक्क्यांचा, म्हणजे 35 अंशांचा उतार कापतो. पैशांचा प्रश्न नसता तर मी तिन्ही घेतले असते!

आम्ही ट्रायलचाच ट्रॅक्टर घेतला, मागच्या टायरांत मळी भरून. ओढ्याकाठची 18 अंशांची पट्टी कापायचीच नाही असं ठरवलं. तिथे इथलंच लिटल ब्लूस्टेम गवत पेरलंय. त्याची मुळं खोल जातात, काठ धरून ठेवतात, आणि शरद ऋतूत ते तांबूस होतं.

परवा व्हर्जिनियाहून मैत्रिणीचा फोन आला. दीड एकर, थोडा उतार, दुकानात उभी आहे, कुठला घेऊ? मी म्हटलं, आधी घरी जा आणि फळी शोध. फळी नव्हती, म्हणून तिनं इस्त्रीचं टेबल पाय मिटून गवतावर आडवं घातलं, त्यावर फोन ठेवला आणि एकेक जागा मोजत गेली. मी इकडे श्वास रोखून. तीन. चार. पाच. सर्वांत जास्त, सहा.

"सहा? अगं, मग बिनधास्त झीरो-टर्न घे!"