लिहिण्याची इजाजत

आमच्या शाळेच्या ऑफिसात रजिस्टरांच्या कपाटावर एक छोटी काळी पेटी आहे. तिला नॅस म्हणतात. आत दोन हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची वायर. प्रश्नपत्रिका, निकाल, विद्यार्थ्यांची यादी, सगळं तिच्यात असतं आणि स्टाफरूममधल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडतं.

ती सुरू केली मी. मी बीएड झालेला, उर्दू-मराठी शिकवणारा माणूस. पण शाळेत ज्याला थोडंफार जमतं, त्याच्याच गळ्यात असं काम पडतं. पेटीचं सेटिंगचं पान आमच्या जुन्या ब्राउजरवर उघडेना, म्हणून एसएसएचने आत शिरलो आणि काळ्या पडद्यावर एकेक कमांड टाइप करू लागलो. फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रामचं नाव सांबा. तो ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिहिला. आधीचं नाव बदलावं लागलं, तेव्हा त्यांनी शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शोधला आणि 'सांबा' सापडला. हे वाचून भाषेच्या मास्तरला बरं वाटलं.

पण स्टाफला फाइली उघडेनात. दर वेळी एकच उत्तर, परवानगी नाही. कंटाळून मी सीएचमॉड 777 दिली. वाचायचे 4, लिहायचे 2, चालवायचा किंवा फोल्डरमध्ये शिरायचा 1, बेरीज 7. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. म्हणजे 777 म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं. सांबाच्या फाइलमध्येही 'रीड ओन्ली = नो' आणि 'गेस्ट ओके = यस' लिहून टाकलं. पासवर्डची कटकट नाही. सगळे खूश.

दहावीचे दाखले निघाले, तेव्हा एका मुलीचे वडील परत आले. रजिस्टरात आणि आधारवर 'सय्यद', दाखल्यावर 'सैयद'. अकरावीच्या प्रवेशाला कागद अडला. दोन खेपांत त्यांचे दोन दिवस बुडाले, आणि ते रोजंदारीवर आहेत.

कुणी बदललं? सगळे गेस्ट म्हणून आत शिरत होते, त्यामुळे पेटीकडे नावच नव्हतं. शेवटी एक आपा स्वतःहून म्हणाल्या, "सर, मैंने तो दुरुस्त किया था." त्या खरंच दुरुस्तीच करत होत्या. चूक त्यांची नव्हती, माझ्या तीन सातांची होती.

त्या रात्री यादीचं फोल्डर वेगळं काढलं. 'दफ्तर' नावाचा गट केला, त्यात क्लार्क भाऊसाहेब आणि मी. फोल्डरला 775, फाइलींना 664. सांबात 'रीड ओन्ली = यस', 'राइट लिस्ट'मध्ये फक्त दफ्तर, गेस्ट बंद, प्रत्येकाला आपापलं नाव आणि पासवर्ड. ही दोन कुलपं आहेत, एक सांबाचं आणि एक डिस्कचं. दोन्ही उघडली तरच लिहिता येतं. टेस्टपार्मने फाइल तपासली, मग सांबाला ती पुन्हा वाचायला लावली.

सकाळी स्टाफरूममध्ये शांतता. एक जुने सर म्हणाले, "हम क्या चोर हैं?" मी रजिस्टर दाखवलं. म्हटलं, "सर, यावर पेन कोण चालवतं? फक्त भाऊसाहेब. वाचतो मात्र आपण सगळे. त्यात कधी अपमान वाटला का?" ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आपला पासवर्ड मागून गेले.

त्यांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. दफ्तर गटात मी कशासाठी? विद्यार्थ्यांचं नाव नोंदवणं माझं काम नाही. मी फक्त कुलूप बसवणारा. दुसऱ्या दिवशी त्या गटातून माझं नाव काढलं आणि मुख्य पासवर्ड लिफाफ्यात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला.

नंतर यादी उघडून एक अक्षर बदलून पाहिलं. पडद्यावर आलं, परवानगी नाही. या वेळी बरं वाटलं.