चाळीस-छत्तीस

मागच्या दिवाळीला बिद्रीला गेलो तेव्हा गाडीत गिटार, ५० वॉटचा ट्यूब अँप, दोन नवे कोरे १२ इंची स्पीकर आणि एक वायरचा डबा होता. वायर ५ मीटरच, पण डबा असा की आत दागिना असावा. 'ऑक्सिजन-फ्री कॉपर' वगैरे. किंमत सांगत नाही, हे बायकोही वाचते.

बिद्री म्हणजे, कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागलं की ऊस, ऊस, अजून थोडा ऊस आणि मग दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना. आमचे तात्या (सख्खे काका) त्याच कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यातून रिटायर झाले. नोकरी सांभाळून त्यांची बेंजो पार्टी होती. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी खुलासा : हा बेंजो म्हणजे इंग्रजी सिनेमातला बँजो नव्हे. हा टाईपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग. मूळ जपानी. १९१२ साली नागोयात निघालेलं 'तायशोगोतो' नावाचं वाद्य फिरत फिरत आपल्याकडं आलं. आमच्याकडच्या लोकांनी त्याला पिकअप लावला, ट्रॉलीवर स्पीकरची खोकी चढवली आणि वरातीपुढं सोडून दिलं. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारची चुलतबहीणच की ही.

डीजे आले तशी तात्यांची पार्टी बंद पडली. त्यावर ते कधी बोलत नाहीत. दोन स्पीकरचं एक खोकं तेवढं गोठ्याशेजारच्या खोलीत राहिलं होतं, त्यावर जोंधळ्याची पोती. गिटारसाठी कॅबिनेट म्हणून ते मागायला मी फोन केला तेव्हा पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "ने की. धूळच खातंय."

तर पोती उतरवली, मागची फळी उघडली. जुन्या स्पीकरचे कागद फाटलेले. प्लॅन सोपा होता : जुने स्पीकर काढायचे, नवे बसवायचे आणि आतली वायर बदलायची. मी ऐटीत डबा काढला. तात्यांनी वायर बोटात धरून बघितली आणि एकच प्रश्न विचारला.

"अँपिअर किती?"

मंडळी, तीन रात्री जागून मी वायरवर वाचलं होतं. स्फटिकांची रचना, सिग्नलची दिशा, चांदीचा मुलामा, सगळं. आणि त्या वायरीतून करंट किती जाणार हे मला माहीत नव्हतं! इंजिनीअरिंगची डिग्री आहे हो माझ्याकडे.

मग कॅलेंडरच्या मागं गणित मांडलं. १६-१६ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल म्हणजे ८ ओहम. त्यात ५० वॉट म्हणजे २.५ अँपिअर, व्होल्टेज २०. ट्यूब अँप पार कुथवला आणि पॉवर दुप्पट धरली तरी साडेतीन. तात्या हसले. "पाच एचपीची मोटर सात-साडेसात घेती. तिला जाडजूड केबल लागती, कारण हीर लांब असती. तुझ्या खोक्यात लांबी किती?"

जेमतेम मीटरभर. जाऊन-येऊन दोन.

तात्यांची शिफारस होती 'चाळीस-छत्तीस'. ही आपल्याकडच्या वायरमन लोकांची जुनी भाषा. १४/३६, २३/३६, ४०/३६. पहिला आकडा तारा किती, दुसरा त्या तारेचा गेज. ३६ गेजची तार साधारण ०.१९ मिमी जाड. अशा ४० मिळून १.१७ चौरस मिमीच्या आसपास तांबं. दोन मीटरचा रेझिस्टन्स ०.०३ ओहम. ८ ओहमपुढं हे काय? उद्या सगळ्यात बारीक १४/३६ जरी घातली तरी आवाजात ०.१ डेसिबलचाही फरक पडत नाही, आणि एका डेसिबलचा फरक ओळखतानाही आपली फे फे उडते. शिवाय स्पीकरच्या आत व्हॉइस कॉइल असते, ती स्वतःच कित्येक मीटर बारीक तारेची गुंडाळी. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये त्या तारेचाच रेझिस्टन्स साडेसहा-सात ओहम. तिच्या दारापर्यंत शाही गालिचा अंथरून काय उपयोग? मी गपचूप डबा बंद केला.

मग बारीक का नको, तर ताकदीसाठी. आणि एकतारी जाड वायर का नको, तर खोकं थरथरतं. एकच तार सारखी हलून जॉइंटपाशी तुटते. चाळीस तारा वाकतात. ट्यूब अँपला तर हे फारच महत्त्वाचं. वाजवता वाजवता जॉइंट सुटला आणि अँप लोडशिवाय राहिला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणजे कस लागतो तो जॉइंटचा. (जाता जाता : अँप ते कॅबिनेट गिटारची शील्डेड केबल लावू नका. पिन सारखी दिसते, पण आतली तार नाजूक असते, एवढ्या करंटसाठी नाही.)

मुदाळ तिट्ट्यावर वायर घ्यायला गेलो. दुकानदारानं दोन बंडलं टाकली, एक बरंच स्वस्त. तात्यांनी ब्लेडनं स्वस्तातली तार खरवडली. वरून तांबं, आत पांढरं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. "सोल्डर धरतंय, पण आतली अ‍ॅल्युमिनियम उघडी पडली की न्हाई धरत," दुसरं बंडल उचलत तात्या म्हणाले.

जुनी वायरिंग काढताना मात्र मीच थांबलो. एका बाजूला लाल-काळी, दुसऱ्या बाजूला घरातल्या बत्तीची पिवळी वायर. अगदी जुगाड. पण प्रत्येक टोक टर्मिनलच्या भोकातून वळवून, आकडा करून मग सोल्डर केलेलं, आणि मोटर वाइंडिंगवाले बांधतात तसं सुतानं फळीला बांधलेलं, आवाजाबरोबर फडफडू नये म्हणून. एवढ्या वराती, एवढे खड्डे, आणि एक जॉइंट हलला नव्हता.

मी तसंच करायचा प्रयत्न केला. अँप लावला. आवाज आला, पण पोकळ. खालचे सूर गायबच. माझ्या तोंडून लगेच निघालं, "वायरच खराब दिसतीय."

तात्या काही बोलले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, अँपची पिन उपटून दीड व्होल्ट कॅबिनेटला टेकवला. एक कागद पुढं आला, दुसरा मागं गेला.

"एक येतोय, एक जातोय. भांडण लागलंय दोघांत."

दुसऱ्या स्पीकरची प्लस-मायनस मी उलटी जोडली होती. दोन टाके उलटे केले आणि जोंधळ्याची पोतीसुद्धा हादरली. (डबा अजून माझ्या कपाटात आहे. परत करायची मुदत संपली.)

तासभर वाजवलं. तात्या पोत्यावर बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "लई टोचतंय, जरा गोड कर." ट्रेबल उतरवला. मग उठून आत गेले. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात मळक्या चादरीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी होतं.

"ह्येला दुसरं भोक हाय न्हवं?"

अँपला इनपुट दोन आहेत. मी दुसरी केबल आणायला गाडीकडं पळालो.