बोट मिळते, दोर मागावा लागतो

महाडचा पूर महाडच्या आभाळाकडे बघून ओळखता येत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते, महाडला तिच्यात गांधारी मिसळते. नेमकी त्याच वेळी बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढत असेल तर पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही आणि ते गावात शिरते. म्हणून इथल्या बचाव पथकातला माणूस पावसाळाभर वरचा पाऊस आणि खालची भरती यांचे गणित मांडत असतो. त्या दोन्ही गोष्टी त्याच्या हातात नाहीत. हातात असते ते खोलीत टांगून ठेवलेले सामान. ते कुणाच्या पैशाने आले आणि कुणाच्या पैशाने धड राहिले, याबद्दल मात्र फारसे कुणी लिहीत नाही.

२२ जुलै २०२१ च्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ६०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडले. सुकट गल्ली, भोईघाट, बाजारपेठ सगळे बुडाले. काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला टेकले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवरही. रस्ते पाण्याखाली, उरलेले दरडींखाली. बाहेरची पथके निघाली, पण पोहोचायला फार वेळ गेला. पुढच्या पावसाळ्यांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) तुकडी महाडलाच मुक्कामाला ठेवली जाऊ लागली, हे फार चांगले झाले. तरी दूरच्या वाडीवरचे पहिले काही तास शेजाऱ्यांचे आणि स्थानिक पोरांचेच असतात.

गावात बोट घालणे हे समुद्रात बोट घालण्यापेक्षा वेगळे काम आहे. रबरी बोटीला इथे भीती असते ती पत्र्याच्या शेडच्या कडेची, कुंपणावरच्या लोखंडी टोकांची आणि पाण्याच्या पातळीवर आलेल्या विजेच्या तारांची. इंजिनाच्या पंख्यात दोऱ्या, कपडे, प्लास्टिक गुंततात. तेव्हा वल्ही नसतील तर बोट प्रवाहाच्या मर्जीवर. चांगल्या बोटीत हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, एक फाटला तरी बाकीचे तिला तरंगत ठेवतात. पण फाटलेला कप्पा नीट चिकटवायला कोरडी जागा, योग्य गोंद आणि शिकलेला हात लागतो.

लाइफ जॅकेटांचेही तसेच. तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसासाठी. त्यात हात मोकळे राहतात, म्हणून ते बचाव करणाऱ्याला सोयीचे. १५० न्यूटनचे जॅकेट बेशुद्ध माणसालाही बहुतेक वेळा उताणे करून तोंड पाण्याबाहेर ठेवते. लहान मुलाला त्याच्या वजनाचे आणि मांड्यांमधून पट्टा घेता येणारे जॅकेट हवे, नाहीतर मूल त्यातून खाली निसटते. आणि वाहत्या पाण्यात कमरेला दोराची गाठ मारून कुणी उतरू नये: दोर ताणला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. त्यासाठी एका हिसक्यात सुटणारा पट्टा असलेले जॅकेट मिळते. ते महाग असते, आणि देणगीच्या यादीत क्वचित दिसते.

सामानाला मर्यादा असते, हेही देणाऱ्याला मोकळेपणाने सांगायला हवे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी बसही. नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ सगळे आले. क्रेनला ३०० किलोचे लोहचुंबक लावून नदीचा तळ चाचपला. तरी बसचा पहिला सांगाडा सापडायला आठवड्याहून जास्त काळ गेला.

दोराची गोष्ट आणखी नाजूक. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकच प्रवासी वाचला. महाबळेश्वर ट्रेकर्ससह पोलादपूर-महाडकडचे गिर्यारोहक पावसात, निसरड्या कड्यावरून दोर लावून खाली उतरले आणि एकेक मृतदेह वर आणला. अशा कामानंतर दोरात चिखल आणि बारीक वाळू शिरते, ती आतले तंतू कापत राहते. बाहेरून दोर नव्यासारखाच दिसतो. म्हणून तो धुवायचा, सावलीत वाळवायचा, कुठे किती वापरला याची वहीत नोंद ठेवायची. न वापरलेला दोरही साधारण १० वर्षांनी बाद करावा, असे बनवणारेच सांगतात. चांगला दिसणारा दोर स्वतःच्या हाताने बाद करणे, ही या कामातली सर्वांत अवघड शिस्त आहे. पुढच्या दोराचे पैसे कुठून येणार हे ठाऊक नसेल तर ती पाळणे आणखी अवघड.

पैशाची वाट कायद्याने दाखवलेली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करायची असते, आणि आपत्ती व्यवस्थापन त्या यादीत आहे. महाडची औद्योगिक वसाहत तर नदीच्याच खोऱ्यात आहे. पण हे पैसे संस्थेमार्फत खर्च व्हायचे तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, आयकर सवलतीसाठीची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते. मित्रमंडळी म्हणून एकत्र आलेली पोरे इथेच अडतात. कागदपत्रे करणारा एक माणूस पथकात असणे हे बोट चालवणाऱ्याइतकेच मोलाचे आहे, हे ठामपणे म्हणायला हवे.

देणाऱ्यांना बोट द्यायला आवडते. तिच्यावर नाव लिहिता येते, आणि ही हौस जुनी आहे. ध्रुवीय शोधप्रवासी शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेला डंडीचे ताग कारखानदार जेम्स केअर्ड यांनी २४,००० पौंड दिले. मोहिमेतल्या तिन्ही लहान बोटींना देणगीदारांची नावे होती. जहाज बर्फात चिरडले गेल्यावर १९१६ मध्ये ‘जेम्स केअर्ड’ ही जेमतेम साडेबावीस फुटांची बोट सहा माणसांना घेऊन सुमारे ८०० सागरी मैल गेली. त्याआधी मॅकनिश नावाच्या सुताराने मिळेल त्या लाकडाने तिच्या कडा उंच केल्या होत्या आणि वरून कॅनव्हास ताणून बसवले होते. केअर्ड यांचे औदार्य मोठेच होते. त्या सुताराच्या कामाशिवाय मात्र ती बोट तो समुद्र ओलांडू शकली नसती.

महाड-पोलादपूरच्या पथकांनी मागणी करताना त्या सुताराचा खर्चही मांडावा. बोटीच्या किमतीखाली पाच वर्षांची देखभाल, इंजिनाची सर्व्हिसिंग, सरावाचे पेट्रोल, बदलायचे दोर आणि पथकातल्या प्रत्येकाचा अपघात विमा लिहावा. कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून अर्ज दिवाळीच्या आगेमागेच हातात पडला पाहिजे. म्हणजे एप्रिलपर्यंत सामान येते आणि मे महिन्यात, पाणी उथळ आणि स्वच्छ असताना, नव्या पोरांना सावित्रीच्या डोहात बोट उलटवून पुन्हा सरळ करायला शिकवता येते.