खिडकीपाशी जा आणि विचार

बारावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि निकाल उन्हाळा सरता सरता लागतो. मधल्या दिवसांत घरोघरी फक्त वाट पाहणं चालतं. २००१च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या आमच्या घरीही तेच चाललं होतं. आईने पत्र्याची ट्रंक धुऊनपुसून ठेवली होती, मामीने दोन ड्रेस शिवून पाठवले होते, शेंगदाण्याची चटणी किती न्यावी यावर आजी आणि आईची रोज बोलणी व्हायची. पुण्याला बी.एस्सी.ला जायचं एवढं ठरलं होतं. आमच्या भावकीतून तालुक्याबाहेर शिकायला गेलेली मुलगी तोवर नव्हती, त्यामुळे कॉलेजची तयारी म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आज मी वनस्पतिशास्त्र शिकवते. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर, भिंतीकडेला, अशीच कुणीतरी येऊन बसते. वही नवी, अक्षर सुंदर, आणि नजर टेबलाखाली. तिला पाहिलं की त्या उन्हाळ्यातल्या अठरा वर्षांच्या स्वतःशी बोलावंसं वाटतं. ते बोलणं हे असं.

अगं, ट्रंक राहू दे. आधी आप्पांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, तहसील कचेरीत जा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, रहिवासाचा दाखला, हे सगळं आप्पा एकटे सायकलवर जाऊन आणतील आणि तुझ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतील. तसं होऊ देऊ नकोस. तलाठ्याकडे तू जा, शिक्का कुठे बसतो ते तू बघ. ‘उद्या या’ म्हणाले तर ‘साहेब, कागद कोणत्या टेबलावर आहे?’ हे तुझ्या तोंडून निघू दे. पहिल्यांदा आवाज चिरका येईल. येऊ दे. कॉलेजात पुढची तीन वर्षं तुला हेच करायचं आहे : बोनाफाईडसाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, परीक्षेच्या फॉर्मसाठी, हॉल तिकिटावरचं नाव चुकलं तर ते दुरुस्त करण्यासाठी. प्रत्येक वेळी एक खिडकी असते, खिडकीपलीकडे कामात बुडालेला माणूस असतो, आणि आपल्याला काय हवंय ते एका वाक्यात सांगावं लागतं. आप्पा तिथे नसतील.

इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यांना तर जातवैधता प्रमाणपत्रही लागतं, आणि त्याला महिने लागतात. ओबीसी घरांकडे १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा शोधायचा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावांचा, आत्यांचा. हे काम अकरावीत सुरू करायचं असतं, निकालानंतर नव्हे. आता शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर ऑनलाइन भरतात, आधारला जोडलेलं बँक खातं लागतं, रांग थोडी कमी झाली. तरी कागद मुळात घरातच शोधावे लागतात, आणि ते शोधताना आपल्या घराचा जो इतिहास कळतो तो कुठल्या पुस्तकात नसतो.

राहण्याचं सांगते. पुण्यात ‘कॉट बेसिस’ नावाची व्यवस्था आहे. खोली नव्हे, खोलीतली एक कॉट भाड्याने मिळते. डिपॉझिट देण्याआधी विचार : पाणी किती वाजता येतं, विजेचे पैसे वेगळे का, दार किती वाजता बंद होतं, आणि सुट्टीत गावी गेलो तर त्या महिन्याचं भाडं पूर्ण घेणार का. मेस लावताना खाडा विचार. गावी गेलेल्या दिवसांचे पैसे कापून देतात की नाही आणि किती दिवस आधी सांगावं लागतं, यावर महिन्याचं गणित बसतं किंवा मोडतं. यातला एकही प्रश्न उद्धटपणाचा नाही. घरमालकीण काकूंनाही भाडेकरू नीट विचारून घेणारीच आवडते, हे मी पुढे अनेकदा पाहिलं.

आणि एक, जे मला दुसऱ्या वर्षी कळलं : खेड्यातून येणाऱ्या, हुशार पण घरची ऐपत नसलेल्या मुलामुलींसाठी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली हे काम उभं केलं. निकाल हातात पडताच तिथे चौकशी कर. कॉलेजातच ‘कमवा व शिका’ योजना असते. आपल्याकडे या विचाराचं मूळ कर्मवीर भाऊराव पाटलांकडे जातं. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या त्यांच्या शिवाजी कॉलेजात मुलं अंगमेहनतीवर पदवीपर्यंत शिकली. मी या योजनेत ग्रंथालयात काम केलं. पुस्तकांना लेबलं चिकटवायची, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. पैसे फार नव्हते, पण मेसचा मोठा भाग त्यातून निघायचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कपाटं पाठ झाली आणि ग्रंथपाल सर ओळखीचे झाले. कुठलं पुस्तक सोपं, कुठलं नुसतंच जाड, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगितलं नाही. बाकीची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेल्या खुणांसकट घे, त्या खुणाही शिकवतात.

आता वर्गाकडे येते, कारण खरी भीती तिथली होती.

दहावीपर्यंत आपण सगळं मराठीत शिकलो. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी आली, पण तालुक्याच्या कॉलेजात सर शिकवायचे मराठीतच. पुण्यातल्या पहिल्या तासाला मॅडम इंग्रजीतून बोलायला लागल्या आणि तास संपला तेव्हा माझ्या वहीत सुटे सुटे शब्द होते. शेजारच्या मुली भरभर लिहीत होत्या. त्यांना सगळं समजतंय, असं मी धरून चालले. महिनाभराने जर्नल लिहिताना कळलं की त्यांनाही निम्मंच समजत होतं. त्यांना फक्त ते शब्द ऐकायची सवय होती. म्हणून सांगते, इंग्रजी येत नाही म्हणजे विषय येत नाही, असं समजून घाबरू नकोस. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिला बराच लवकर सुटतो. रोज एक पान मोठ्याने वाच. आकृती आधी काढ, नावं मग घाल. वनस्पतिशास्त्रात आकृतीने माझी फार सोबत केली.

पिढ्यांचं एकांतरण हा भाग मला काही केल्या कळत नव्हता. नेफ्रोलेपिस हे नेचं आपण कुंडीत बघतो, त्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात, इथपर्यंत ठीक. पण त्या ठिपक्यांतल्या बीजाणूपासून नेचं न उगवता नखाएवढं हिरवं, बदामी आकाराचं वेगळंच काही उगवतं आणि नेचं त्यातून पुढे येतं, हे डोक्यात बसेना. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याची एक मैत्रीण होती, तिलाही बसत नव्हतं. आम्ही दोघी दुपारी स्टाफरूमच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. ‘मॅडम, मराठीत विचारलं तर चालेल का?’ हे वाक्य आम्ही जिन्यातच पाठ केलं होतं. मॅडमनी हातातला चहा बाजूला ठेवला, वनस्पतींचे नमुने दाबायला आणलेल्या वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यातून एक पान ओढलं आणि त्याच्या कोऱ्या कडेवर सगळं चक्र काढून दाखवलं. मराठीत. मग म्हणाल्या, आता हेच मला इंग्रजीत सांगा. आम्ही अडखळत सांगितलं. त्या दुपारनंतर स्टाफरूमचं दार मला कधी परकं वाटलं नाही. शिक्षक झाल्यावर मला याची दुसरी बाजू समजली : विद्यार्थी विचारायला आला की शिक्षकाचा दिवस सुधारतो. वर्गभर शांतता असली की उलट आपलं शिकवणं पोचलं की नाही, हेच कळत नाही.

पण फक्त विचारणारी म्हणून जाऊ नकोस. तुझ्याकडेही सांगण्यासारखं आहे, आणि ते तुला आत्ता माहीत नाही. या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत जास्त हेच तुझ्या कानावर घालायचं आहे.

पहिल्या वर्षी आमची सहल सासवड-जेजुरीच्या बाजूला गेली होती. माळरान, मुरमाड जमीन, खुरटी झुडपं. मला तर गावीच आल्यासारखं झालं. पिवळ्याधमक फुलांच्या एका झुडपापाशी सर थांबले आणि हे काय, म्हणून विचारलं. मुलं पुस्तकं चाळायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तरवड.’ सर म्हणाले, आणखी काय माहीत आहे? मी सांगत गेले : नवरात्रात घटाला याच्या फुलांची माळ घालतात, साल कातडं कमवायला वापरतात, उन्हाळ्यात सगळं वाळलं तरी हा तग धरतो. मग हिवर दाखवला, बाभळीपासून तो कसा ओळखायचा ते सांगितलं : हिवराची साल फिकट, पांढुरकी, बाभळीची काळपट. बोलताना माझी बोली आमच्याकडचीच होती, ‘करू लागले, जाऊ लागले’ अशी. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळे वहीत लिहीत होते.

सरांनी तरवडाचं शास्त्रीय नाव सांगितलं, तेव्हाचं कॅसिया ऑरिक्युलेटा, आता सेना ऑरिक्युलेटा. परतल्यावर त्यांनी ग्रंथालयातला एक जुना ग्रंथ दाखवला : थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’, १९०१ ते १९०८ या काळात निघालेला. कुक हे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. त्या ग्रंथात झाडांच्या शास्त्रीय नावांबरोबर लोकांच्या तोंडची नावंही नोंदवली आहेत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या आजीसारख्याच माणसांना ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असं विचारत फिरलं असणार. पुढे देवरायांबद्दल वाचताना तेच दिसलं. आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतले डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं रान त्यांनी शास्त्राच्या नकाशावर आणलं. ज्या माहितीला आपल्या घरात कुणी ज्ञान म्हणत नव्हतं, तिच्या शोधात मोठी माणसं गावोगाव गेली होती.

म्हणून त्या मधल्या महिन्यांत एक काम कर. आजीबरोबर सकाळी बांधाबांधाने फीर. एक वही घे. ती झाडाला काय म्हणते, कशाला वापरते, गुरं कुठलं खातात आणि कुठलं तोंडाला लावत नाहीत, ते सगळं लिहून घे. एकेक फांदी वर्तमानपत्रात दाबून ट्रंकेखाली ठेव. तू वनस्पतिशास्त्र घेणार नसशील तरी हे कर. अर्थशास्त्र घेणार असशील तर आप्पांचा बाजारसमितीतला हिशोब, आडत आणि हमालीसकट, मांडून बघ. इतिहास घेणार असशील तर आजोबांना रझाकारांच्या काळाबद्दल बोलतं कर. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झाला, आणि तो दिवस पाहिलेली माणसं तुझ्या ओसरीवर बसलेली आहेत. आमची आजी मी एम.एस्सी.ला असताना गेली. तिच्याकडून उतरवलेली पानं अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत आणि त्यातली दोन झाडं मला आजतागायत ओळखता आलेली नाहीत. आता विचारायला कुणी उरलं नाही.

थोडं कडूही सांगते. पहिल्या काही आठवड्यांत रात्री रडू येईल. एसटीडी बूथवरून फोन लावशील आणि वाण्याच्या दुकानात आईला बोलवायला माणूस जाईपर्यंत मीटर पळत राहील. रडू आलं तर खोलीतल्या मुलीला सांग. बहुतेक वेळा तिचंही तेच चाललेलं असतं. कुणी त्रास दिला, हसण्यावारी नेण्यापलीकडचा, तर लेखी तक्रार कर. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ सालापासून आहे आणि तक्रार आली की चौकशी करणं कॉलेजच्या प्रमुखावर बंधनकारक आहे. ‘नवीन आहेस, सोसून घे’ असं सांगणाऱ्यांचं ऐकायचं नाही.

मी जिला हे सांगतेय ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली, तिला सांगून उपयोग नाही. पण यंदाही हजारो घरांत ट्रंका नाहीतर बॅगा भरल्या जात आहेत. तुमच्या घरातून कुणी पहिल्यांदाच शहरात शिकायला निघत असेल तर दाखल्यांच्या रांगेत त्या मुलीला किंवा मुलालाच उभं करा, तुम्ही मागे थांबा. खोलीचं भाडं ठरवताना त्यांनाच बोलू द्या. आणि माझ्यासारख्या शिक्षकांना विनंती आहे : पहिल्या तासाला हजेरी घेताना प्रत्येकाला गाव विचारा, आणि त्या गावाबद्दल एक तरी प्रश्न विचारा. मागच्या बाकावरची मुलगी त्याचं उत्तर देऊ शकते.